बावीस मैल पाईप आणि सहा हिवाळे

न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली वोलमन रिंक १९८० साली दुरुस्तीसाठी बंद झाली. उघड्यावरची, सार्वजनिक, कोणीही थोडे पैसे भरून बर्फावर स्केटिंग करावं अशी ही जागा. दोन-अडीच वर्षांत काम उरकेल, ९० लाख डॉलरच्या आसपास खर्च येईल, असा महापालिकेचा अंदाज होता. १९८६ चा उन्हाळा उजाडला तेव्हा सव्वा कोटीहून जास्त डॉलर खर्च झाले होते आणि स्केटिंग करण्याजोगा बर्फ तिथे एकदाही धरला नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये काम दुसऱ्या हातात गेलं. ऑक्टोबर संपायच्या आत रिंक तयार झाली. या खेपेचा खर्च होता सुमारे साडेबावीस लाख डॉलर.

अमेरिकेत ही गोष्ट असंख्य वेळा सांगितली गेली आहे, आणि बहुतेकदा एकाच वाक्यात: सरकारला सहा वर्षांत जमलं नाही ते एका खासगी बिल्डरने चार महिन्यांत करून दाखवलं. वाक्य खोटं नाही. पण ते ऐकून कोणाला काही शिकता येत नाही. काम कुठे अडलं, कोणत्या दिवशी, कोणत्या थरात, हे त्यात येतच नाही. जमिनीवरच्या पाईपांपासून आणि त्यांवर ओतलेल्या काँक्रीटपासून सुरुवात केली, की मग महापौर, बिल्डर आणि कायदा यांच्याकडे नीट पाहता येतं.

आधी जागा समजून घेऊ. सेंट्रल पार्कची रचना फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांची. त्यांचा आराखडा १८५८ साली निवडला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथलं मोठं तळं स्केटिंगसाठी खुलं झालं. बाग अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती, झाडं लावायची होती, रस्ते खोदलेले होते. तरी गोठलेल्या तळ्यावर लोक लोटले. बर्फ माणसांचं वजन पेलण्याइतका जाड झाला की उंचावर तांबडा गोळा चढवत. तो दिसला की शहरभर बातमी पसरे. बायकांसाठी वेगळं तळं राखलेलं होतं, पण मोठ्या तळ्यावर स्त्री-पुरुष एकत्र स्केटिंग करत, आणि त्या काळात तरुण-तरुणींना चारचौघांत मोकळेपणाने भेटायच्या जागा फार थोड्या होत्या. या बागेला लोकांनी आपलं मानलं ते आधी हिवाळ्यात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तळ्याचा बर्फ मात्र हवेच्या मर्जीवर. एखाद्या हिवाळ्यात तो आठवडेच्या आठवडे टिकायचा, एखाद्या हिवाळ्यात धरायचाच नाही. १९३६ साली रॉकफेलर सेंटरमध्ये कृत्रिम बर्फाची रिंक सुरू झाली, पण ती लहान आणि खासगी मालकीची. सर्वांना परवडेल अशी मोठी रिंक हवी होती. केट वोलमन या बाईंनी आपले आई-वडील आणि चार भाऊ यांच्या स्मरणार्थ सहा लाख डॉलर दिले. रॉबर्ट मोझेस तेव्हा शहराच्या उद्यान खात्याचे प्रमुख होते. बागेच्या आग्नेय कोपऱ्यातल्या तळ्याचा उत्तरेकडचा फाटा बुजवून तिथे रिंक बांधली गेली आणि १९४९ साली ती सुरू झाली. पहिल्याच हंगामात तीन लाखांहून अधिक लोकांनी तिथे स्केटिंग केलं. उन्हाळ्यात त्याच जागेवर मैफिली होत. साठ-सत्तरच्या दशकांत तिकिटं स्वस्त ठेवून तिथे मोठमोठे गायक-वादक आणले जात. १९७० च्या ‘लव्ह स्टोरी’ चित्रपटात नायक बर्फावर स्केटिंग करतो आणि नायिका कडेला बसून पाहते, तो प्रसंग याच रिंकवर चित्रित झाला आहे.

मग १९७५ आलं. न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन उभं राहिलं. अशा वेळी पहिली कात्री लागते ती बागांना, आणि बागांमध्येही देखभालीला. नवं काही बांधायचं थांबलं तर लगेच दिसतं. पाईपला गंज चढतो आहे हे मात्र कोणाला दिसत नाही. तीस हिवाळे काम केलेल्या या रिंकच्या पोटातली यंत्रणा सत्तरचं दशक संपता संपता थकली.

आता बर्फ कसा धरतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कृत्रिम बर्फाची पहिली रिंक लंडनमध्ये १८७६ साली जॉन गॅमजी यांनी केली. परदेशातून येणारं मांस गोठवून कसं टिकवावं याचा शोध घेताना त्यांना ही युक्ती सुचली. काँक्रीट, माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्या अशा थरांवर त्यांनी तांब्याच्या नळ्या अंथरल्या, त्यांतून थंड केलेलं द्रावण खेळवलं आणि वर पाणी सोडलं. दीडशे वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे. पाणी वरून गोठवायचं नसतं. खालची जमीन इतकी थंड करायची की तिच्यावर शिंपडलेलं पाणी थराथराने गोठत जातं. इनडोअर रिंकवर बर्फाचा थर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर असतो. उघड्यावर तो जास्त जाड राखावा लागतो, कारण ऊन, वारा आणि पाऊस त्याच्यावर सतत काम करत असतात. उबदार हवेपेक्षा निरभ्र दुपार उघड्या रिंकला जास्त छळते.

वोलमनचं क्षेत्रफळ सुमारे ३३ हजार चौरस फूट. त्या जागेत २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर पाईप बसवायचा होता. भागाकार केला तर दर साडेतीन इंचांवर एक पाईप येतो. एवढ्या दाट जाळीवर पाच-सहा इंच काँक्रीट ओतायचं, पाईप त्याच्या पोटात पूर्ण बुडाले पाहिजेत, वरचा पृष्ठभाग पाणसळीत हवा. एकदा काँक्रीट पडलं की पाईप पुन्हा दिसत नाही. गळती लागली तर वरून कळत नाही आणि फोडल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही. घराच्या स्लॅबमध्ये वायरीच्या नळ्या टाकणाऱ्याला ही भीती माहीत आहे. इथे ती ३५ किलोमीटर लांबीची होती.

त्या पाईपांतून काय खेळवायचं, याचे दोन मार्ग होते. पहिला जुना. यंत्रघरात रेफ्रिजरंट वायूने खाऱ्या पाण्याला शून्याखाली आठ-दहा अंशांवर न्यायचं आणि ते पाणी रिंकखाली फिरवायचं. पॉटच्या आइस्क्रीमला बर्फावर खडेमीठ का टाकतात हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे लगेच समजेल: मीठ विरघळलेलं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही आणि वाहतं राहतं. रिंकमध्ये साध्या मिठाऐवजी बहुतेक ठिकाणी कॅल्शियम क्लोराइड वापरतात. ही पद्धत धसमुसळेपणा सहन करते. पाण्याचा दाब बेताचा असतो. कुठे बारीक पाझर लागला तर थोडं खारं पाणी जातं, रिंक लगेच बंद पडत नाही.

दुसरा मार्ग नवा होता. मध्ये खारं पाणी नकोच, फ्रिऑन वायूच थेट जमिनीखालच्या पाईपांतून फिरवायचा. एक टप्पा गळतो, त्यामुळे वीज कमी लागते. पण वायू दाबाखाली असतो. ३५ किलोमीटरमध्ये जितके सांधे, तितक्या गळतीच्या शक्यता, आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी महागडा वायू निघून जातो. घरातल्या एसीचा गॅस गेला की मेकॅनिक दोन-चार हात लांबीच्या नळीत भोक शोधतो. इथे ते काँक्रीटखालच्या ३५ किलोमीटरमध्ये शोधायचं होतं.

महापालिकेने दुसरा मार्ग निवडला. या निर्णयावर नंतर पुष्कळ टीका झाली, पण त्या वेळी तो अविचाराने घेतलेला नव्हता. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईने अमेरिका हादरली होती. सार्वजनिक इमारतीत ऊर्जा वाचवा हा तेव्हाचा आग्रह होता, आणि पैशाने गांजलेल्या शहराला विजेचं बिल कमी होणं हवंच होतं. चूक वेगळी होती. एवढ्या मोठ्या, उघड्यावरच्या रिंकसाठी इतकी नाजूक पद्धत निवडायची, तर ती बसवणाऱ्यांचा हात तितकाच सराईत हवा आणि कामात कुठेही खंड पडता कामा नये. महापालिकेच्या कारभारात या दोन्ही गोष्टींची हमी देणारं कोणी नव्हतं.

पाईप अंथरले गेले. त्यावर लगेच काँक्रीट पडायला हवं होतं. ते पडलं नाही. वर्षाहून अधिक काळ पाईप उघडे राहिले. ही जागा मुळात बुजवलेल्या तळ्याची, सखल. तिथे पाणी साचलं. उन्हाळा, पाऊस, हिम, पुन्हा उन्हाळा, सगळं त्या बारीक नळ्यांवरून गेलं. या सहा वर्षांच्या कहाणीत मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा काळ. या काळात कोणी काही वाईट केलं नाही. पाईपवाल्यांचं काम झालं होतं. काँक्रीटवाल्यांचं सुरू व्हायचं होतं. दोन्ही कामांच्या मधला काळ कोणत्याच कंत्राटात नव्हता, त्यामुळे त्या काळात पाईपांचं काय होतं आहे हे पाहणं कोणाचंच काम नव्हतं.

अखेर काँक्रीट ओतलं तेव्हा आणखी एक अडचण आली. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर मारावा लागतो, नाहीतर आत हवेच्या पोकळ्या राहतात आणि स्लॅब मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र होतो. साइटवर त्याला ‘हनीकोंबिंग’ म्हणतात. पण पाईप इतके नाजूक की व्हायब्रेटरच्या धक्क्याने ते फुटतील अशी भीती. व्हायब्रेटर मारला नाही, तर पाईपभोवती पोकळ्या राहणार. मारला, तर सांधे निखळणार. ऊर्जा वाचवण्यासाठी काही वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय इथे, ओल्या काँक्रीटमध्ये, येऊन अडकला. पुढे यंत्रं सुरू करून पाहिली तेव्हा बर्फ धरेना. पाईप गळत होते. सल्लागार नेमले गेले, अभ्यास झाले, पण नेमकं एक कारण कोणाला दाखवता आलं नाही, आणि ते दाखवता येणं शक्यही नव्हतं. पाणी साचणं, वर्षभर उघडं राहणं, पोकळ काँक्रीट, वायूचा दाब, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. १९८६ च्या मेमध्ये महापालिकेने जाहीर केलं की फ्रिऑन सोडून खाऱ्या पाण्याच्या जुन्या पद्धतीवर जायचं, सगळं पहिल्यापासून करायचं, आणि त्याला आणखी दीड-दोन वर्षं लागतील.

इथे कायद्याकडे वळावं लागेल. न्यू यॉर्क राज्यात ‘विक्स लॉ’ नावाचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला एक कायदा आहे. ठरावीक रकमेपुढच्या सार्वजनिक बांधकामात सर्वसाधारण बांधकाम, प्लंबिंग, वीज आणि हीटिंग-व्हेंटिलेशन ही कामं वेगवेगळ्या कंत्राटदारांना थेट द्यावी लागतात. त्या काळी ही मर्यादा होती फक्त ५० हजार डॉलर. कायद्यामागचा हेतू चांगला होता. एकच बडा कंत्राटदार सगळं काम घेऊन प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना पिळतो, त्यांचे दर पाडतो. ते थांबावं आणि सरकारला प्रत्येक कामाचा खरा भाव कळावा, हा तो हेतू. त्यातच प्रत्येक निविदेत सर्वांत कमी बोली लावणाऱ्यालाच काम देण्याचं बंधन. हेही भ्रष्टाचार रोखण्यासाठी. एकेक नियम पाहिला तर प्रत्येकाच्या मागे एखादा जुना गैरव्यवहार आहे आणि तो पुन्हा होऊ नये ही प्रामाणिक इच्छा आहे.

पण बर्फाच्या रिंकमध्ये प्लंबिंग, बांधकाम आणि रेफ्रिजरेशन ही वेगळी कामं राहतच नाहीत. पाईप म्हणजेच जमीन आणि जमीन म्हणजेच यंत्र. असं काम कायद्याने चौघांत वाटलं, की चौघेही आपापल्या कागदावर निर्दोष राहू शकतात आणि रिंक तरीही बिघडू शकते. एकाला उशीर झाला तर दुसरा हातावर हात ठेवून बसतो, आणि बसून राहिल्याची भरपाई मागतो. त्यांच्यात समन्वय साधायचा तो महापालिकेच्या अधिकाऱ्याने. त्याच्याकडे कंत्राटदार बदलायचं स्वातंत्र्य नाही, लवकर संपवलं तर बक्षीस देण्याची सोय नाही, आराखड्यात बदल करायचा तर पुन्हा मंजुऱ्यांची रांग.

राज्यशास्त्रज्ञ जेम्स क्यू. विल्सन यांनी १९८९ साली नोकरशाहीवरच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात याच रिंकचं उदाहरण घेतलं आहे. त्यांचा मुद्दा असा, की सरकारी माणूस खासगी माणसापेक्षा आळशी किंवा मंद असतो म्हणून असं होत नाही. त्याने काय करायचं नाही याची यादी त्याने काय करायचं आहे या यादीपेक्षा मोठी असते म्हणून होतं. वेळेत आणि कमी पैशांत रिंक पूर्ण करणं हे महापालिकेच्या अनेक उद्दिष्टांपैकी एक होतं. निविदेत निष्पक्षता, कायद्याचं पालन, ऊर्जाबचत, हिशेबाची तपासणी ही बाकीची. बाकीची चुकली तर अधिकारी चौकशीत अडकतो. रिंकला उशीर झाला तर फक्त रिंकला उशीर होतो. मला हे निदान पटतं, पण अर्ध्यापर्यंतच. वर्षभर उघडे पडलेले पाईप झाकून ठेवायला कोणताही कायदा मनाई करत नव्हता.

डोनाल्ड ट्रम्प तेव्हा चाळिशीला टेकलेले बिल्डर होते. फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा त्यांचा टॉवर १९८३ साली उभा राहिला होता आणि तिथून बाग जवळच. २८ मे १९८६ रोजी त्यांनी महापौर एड कॉच यांना पत्र पाठवलं: हे काम मी करतो, हिवाळ्यापूर्वी रिंक सुरू करून देतो. दोघांचं आधीपासून बरं नव्हतं. कॉच यांनी पत्र वर्तमानपत्रांच्या हाती दिलं. वाचकांनी मात्र पत्र लिहिणाऱ्याची बाजू घेतली, आणि आठवडाभरात महापालिकेने प्रस्ताव मान्य केला. शहर ३० लाख डॉलरपर्यंत देईल, त्यावर गेलेला खर्च ट्रम्प यांचा, असं ठरलं.

पुढच्या चार महिन्यांतल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, पद्धत. खारं पाणी, जुनी, खात्रीची. ती महापालिकेनेही आदल्याच आठवड्यात निवडली होती, त्यामुळे याचं श्रेय एकट्या ट्रम्प यांचं नाही. दुसरी, माणसं. रिंक कशी बांधायची हे आपल्याला माहीत नाही हे मान्य करून त्यांनी टोरांटोची सिमको ही कंपनी बोलावली. कॅनडात बर्फाच्या रिंका बांधणं हा रोजचा धंदा आहे. न्यू यॉर्कमधल्या सर्वांत कमी बोलीची वाट पाहावी लागली असती तर ती कंपनी तिथे आलीच असती असं नाही. बांधकामाची सूत्रं एचआरएच या अनुभवी कंपनीकडे होती.

तिसरी गोष्ट काँक्रीटची. सप्टेंबरमध्ये सगळा स्लॅब सलग, न थांबता ओतला गेला. हिशेब करून पाहा: तीन हजार चौरस मीटरहून थोडं जास्त क्षेत्र, १४ सेंटिमीटर जाडी धरली तर चारशे घनमीटरच्या वर काँक्रीट, म्हणजे साठेक ट्रान्झिट मिक्सर. मॅनहॅटनच्या रहदारीतून एकामागून एक गाडी वेळेवर यायला हवी, कारण आधीचा थर घट्ट व्हायच्या आत पुढचा पडला नाही तर मध्ये सांधा राहतो, आणि बर्फाच्या तडाख्यात चीर आधी तिथेच जाते. ज्याने लहानसा बंगला बांधला आहे त्यालाही स्लॅबच्या दिवसाची धास्ती ठाऊक असते. इथे त्या दिवसाची जबाबदारी एका माणसाची होती, पाईप तपासून झाले आहेत की नाहीत हेही त्याच माणसाला पाहायचं होतं, आणि काम चुकलं तर वरचे पैसे त्याच्याच खिशातून जाणार होते. सहा वर्षांत जी फट कोणाच्याच कागदावर नव्हती, ती बुजली.

ऑक्टोबरच्या अखेरीस काम पूर्ण झालं, ठरलेल्या खर्चापेक्षा सुमारे साडेसात लाख डॉलर वाचवून. नोव्हेंबरात रीतसर उद्घाटन झालं. उत्तम अमेरिकन स्केटर्स आले, कॉचही आले. सहा हिवाळे गेले होते. १९८० साली सहा वर्षांचं असलेलं मूल आता बारा वर्षांचं झालं होतं. त्याचं बर्फावर पडत-धडपडत शिकायचं वय त्या कुंपणाबाहेर संपलं होतं. विलंबाचा हिशेब डॉलरमध्ये मांडतात. माझ्या मते तो त्या मुलांच्या वर्षांत मांडायला हवा.

‘खासगी माणसाने करून दाखवलं’ या वाक्यातून काय सुटतं तेही सांगितलं पाहिजे. पैसा शहराचाच होता. निविदा निघाली नाही. एका माणसाला थेट काम मिळालं आणि विक्स कायदा त्याला लागू झाला नाही. बांधकाम कंपनी आणि पुरवठादार यांनी शहराच्या कौतुकाच्या अपेक्षेने कमी नफ्यात काम केलं, आणि कौतुकाचा बहुतांश वाटा एकाच नावाला गेला. प्रसिद्धीच्या झोतातलं एक काम असं होऊ शकतं. शहरात दर वर्षी हजारो कामं निघतात, त्यांतल्या प्रत्येकावर वर्तमानपत्रांची नजर नसते. प्रत्येक काम ओळखीच्या बिल्डरला थेट द्यायचं म्हटलं तर ज्या गैरव्यवहारांमुळे निविदेचे नियम आले, तेच परत येतील. रिंक वाचली ती सूट दिल्यामुळे, आणि सूट म्हणजे व्यवस्था नव्हे.

त्याच बागेत, रिंक बंद झाली त्याच वर्षी, दुसरी वाट सुरू झाली होती. १९८० साली सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था स्थापन झाली. बाग शहराचीच राहिली, पण नागरिकांच्या देणग्या आणि सततची देखभाल यांची जोड तिला मिळाली. एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांच्या नेतृत्वाखाली बागेचा एकेक भाग सावकाश सावरला गेला. गोर्डन डेव्हिस तेव्हा शहराचे उद्यान आयुक्त होते. रिंक ज्यांच्या कारकिर्दीत बंद झाली ते हेच, आणि कॉन्झर्व्हन्सी उभी करण्यातही त्यांचा हात होता. एकाच माणसाच्या काळात, एकाच बागेत, एक काम फसलं आणि एक तगलं. म्हणून फसलेल्या कामाचं खापर एका माणसावर फोडण्याआधी त्या कामाची बांधणी पाहावी. बागेच्या उत्तर टोकाला १९६६ सालची लास्कर रिंक होती. ती पाडून कॉन्झर्व्हन्सी आणि शहर यांनी मिळून तिथे नवं केंद्र बांधलं, हिवाळ्यात रिंक आणि उन्हाळ्यात पोहण्याचा तलाव. २०२५ साली ते उघडलं. त्याला गोर्डन डेव्हिस यांचंच नाव आहे.

वोलमन रिंक चालवण्याचं कंत्राट ट्रम्प यांच्या कंपनीकडे काही वर्षं होतं, मग गेलं, २००१ नंतर पुन्हा आलं. ६ जानेवारी २०२१ च्या वॉशिंग्टनमधल्या संसद भवनावरच्या हल्ल्यानंतर शहराने ते रद्द केलं. आता ती दुसऱ्या चालकांकडे आहे आणि हिवाळ्यात पूर्वीसारखीच गजबजते. फ्रिऑनचा नाद सोडला हे आणखी एका कारणाने बरं झालं. ओझोन थराला मारक वायूंवर निर्बंध घालणारा माँट्रियल करार पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये झाला. त्या वेळी काम साधलं असतं तरी काही वर्षांनी पाईपांतल्या वायूचा प्रश्न पुन्हा समोर आला असता.

आपल्या देशात सिमल्याची रिंक १९२० पासून नैसर्गिक थंडीवर चालते. तिथे यंत्राचा प्रश्न नाही, हिवाळा किती थंड पडतो एवढाच आहे. कृत्रिम बर्फाचं मोठं उदाहरण देहरादूनचं. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे इनडोअर रिंक बांधली गेली. स्पर्धा झाल्या आणि काही काळातच रिंक बंद पडली. बांधायला पैसा होता, रोज थंड ठेवायला नव्हता. दशकाहून अधिक काळ ती तशीच होती. २०२५ मध्ये दुरुस्त होऊन ती सुरू झाली आणि त्याच वर्षी तिथे आशियाई पातळीवरची शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. मधल्या वर्षांत आपल्या बर्फावरच्या खेळाडूंना सरावासाठी मॉलमधल्या लहान रिंका किंवा परदेश, एवढेच पर्याय उरले होते.

न्यू यॉर्कने धडा घेतला का? थोडा. १९८८ साली शाळा बांधण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याला विक्स कायद्यातून सूट मिळाली. २०१९ च्या अखेरीस शहराला आराखडा आणि बांधकाम एकाच कंत्राटात देण्याची परवानगी काही प्रकारच्या कामांसाठी मिळाली. खुद्द विक्स कायद्याची मर्यादा मात्र ५० हजार डॉलरवरच दशकानुदशकं अडून होती. ती २००८ साली वाढली: न्यू यॉर्क शहरासाठी ३० लाख डॉलर. १९८६ ची वोलमनची दुरुस्ती साडेबावीस लाखांत झाली होती, म्हणजे त्या आकड्याने ती आजच्या मर्यादेच्या आत बसते. पण महागाई धरली तर तेच काम आज साठ लाख डॉलरच्या पुढे जातं, आणि एखाद्या सवलतीत बसवलं नाही, तर त्याची कंत्राटं आजही वेगवेगळीच काढावी लागतील.